नोंदवही फोनात गेली, पण अडल्यावर विचारायचं कुणाला?

गेल्या वर्षी सोयाबीनची काढणी चालू असताना आमच्या गावातल्या एका पोराच्या चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. चालू घडामोडी, राज्यघटनेची कलमं, भूगोलाचे तक्ते, सगळं तो फोनातल्या एका ॲपमध्ये लिहीत होता. एक दिवस ॲप उघडेना. स्पर्धा परीक्षेच्या एका मोठ्या ग्रुपवर त्यानं विचारलं आणि दोन मिनिटांत उत्तर आलं, "अनइन्स्टॉल करून परत टाक." त्यानं तसं केलं. ॲप उघडलं, पण आत काहीच नव्हतं. नोंदी फक्त फोनातच साठत होत्या, बाहेर कुठे प्रत जात नव्हती. हे त्यालाही माहीत नव्हतं आणि सांगणाऱ्यालाही. "दादा, सगळं गेलं काऊन?" असं विचारत तो अभ्यासिकेच्या पायरीवर बसून राहिला. मला त्याला काही सांगता आलं नाही.

त्या दिवसापासून कुणाला नोंदींचं ॲप सुचवताना मी पहिल्यांदा हेच बघतो की हे अडलं तर विचारायचं कुठे, आणि तिथलं उत्तर आपल्या नेटवर्कवर, आपल्याला कळेल अशा शब्दांत पोचेल का. ॲपचे रंग, साचे, एआयची सोय हे सगळं त्यानंतर.

शहरात हा प्रश्न एवढा टोचत नाही. नागपुरात, पुण्यात बाजूच्या टेबलावर तेच ॲप वापरणारं कुणीतरी भेटतं. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात नोशन हे नोंदींचं ॲप वापरणारी दोन पोरं आहेत आणि ऑब्सिडियन हे दुसरं ॲप वापरणारा मी एकटा. ॲप फुकट वापरणाऱ्याला कंपनीकडून कुणी फोन करून समजावत नाही. म्हणजे आपल्यासाठी शेजारचं टेबल म्हणजे ऑनलाइन भेटणारे इतर वापरकर्ते. पण अशा जागा एकसारख्या नसतात. कुठे उत्तर टिकतं, कुठे वाहून जातं, तर कुठे उत्तरच धोक्याचं निघतं.

हे लिहिताना माझ्यापुढे तीन माणसं आहेत. एक म्हणजे वर सांगितलेला विद्यार्थी. दुसऱ्या, बचत गटाच्या सभेची आणि हप्त्यांची नोंद ठेवणाऱ्या एक ताई. तिसरे एक काका, जे कपाशीची फवारणी कधी झाली, डवरणीला किती मजूर लागले, युरियाच्या किती पिशव्या आणल्या हे आतापर्यंत व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवत आले. ही स्वतःला मेसेज करायची सोय २०२२च्या शेवटी आली आणि गावात ती फार रुजली आहे.

फोरम की चॅट?

माझ्या मते खरी निवड या दोघांत आहे, म्हणून आधी यांच्याबद्दल सविस्तर.

फोरमवर प्रत्येक प्रश्नाचं वेगळं पान होतं. त्याला शीर्षक असतं, तारीख असते आणि खाली उत्तरं असतात. ऑब्सिडियन आणि जॉप्लिन या दोन्ही ॲपचे अधिकृत फोरम डिस्कोर्स नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. तिथे प्रश्नाचं शीर्षक टाइप करू लागलं की तसेच जुने प्रश्न बाजूला दिसतात. निम्म्या वेळा आपलं काम तिथेच होतं, विचारावंही लागत नाही. गूगलमध्ये शोधलं तरी ही पानं सापडतात, लॉगिन न करता वाचता येतात. आणि आपल्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे उत्तर आलं की ते मेलवरही येतं. आमच्याकडे दुपारी वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरही झोपतो. अशा वेळी प्रश्न टाकायचा आणि शेतात जायचं. संध्याकाळी रेंज आली की मेल उघडला तरी उत्तर तिथे वाट बघत असतं. आपण हजर नव्हतो म्हणून काही निसटत नाही.

चॅट म्हणजे मुख्यतः डिस्कॉर्ड. नाव डिस्कोर्ससारखं असल्यानं अनेकांचा घोळ होतो, पण दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत. डिस्कॉर्डवर शेकडो लोक एकाच वेळी बोलत असतात. नशीब चांगलं असलं तर पाच मिनिटांत उत्तर मिळतं, पुढचा उपप्रश्न लगेच विचारता येतो, समोरचा माणूस धीरानं एकेक पायरी सांगतो. नवीन ॲप मांडून घ्यायच्या दिवसांत याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण आत गेल्याशिवाय तिथलं काही दिसत नाही आणि गूगलच्या शोधात ते बोलणं सापडत नाही. रेंज गेली, तासाभरानं परत आली, तोवर आपला प्रश्न दोनशे मेसेजांच्या खाली गेलेला असतो. परत विचारायला संकोच वाटतो. आमच्या अभ्यासिकेतल्या दोन मुलींनी याच कारणानं डिस्कॉर्ड सोडलं.

वेळेचंही एक गणित आहे. या जागांवर उत्तर देणारे पुष्कळ लोक युरोप-अमेरिकेत असतात. आपल्याकडे रात्रीचे ९ वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपार कलत असते आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचं काम सुरू असतं. चॅटवर विचारायचंच असेल तर जेवण आटोपून रात्री विचारा. सकाळी ६ वाजता विचाराल तर न्यूयॉर्कमध्ये कामाचा दिवस संपलेला असतो आणि युरोप झोपेत असतो. फोरमला हा हिशेब लागत नाही.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. ज्याचं नेटवर्क भरवशाचं नाही आणि ज्याला दिवसातून एकदाच फोन हाती घेऊन निवांत बसता येतं, त्यानं ज्या ॲपला चांगला फोरम आहे ते ॲप जवळ करावं.

रेडिट या विषयवार गप्पांच्या वेबसाइटबद्दल थोडक्यात. 'यातलं कोणतं घेऊ' हे विचारायला ती जागा बरी आहे. नोशन, ऑब्सिडियन, वननोट, एव्हरनोट, सगळ्यांचे तिथे मोठे समूह आहेत आणि लोक मनमोकळं बोलतात. पण बिघाड सुधारायला रेडिट तेवढं कामाचं नाही. सजवलेल्या पानांच्या फोटोंत आपला प्रश्न खाली जातो. काही समूहांत नव्या खात्याचा प्रश्न आधी तपासणीत अडकतो, तेव्हा तो दिसला नाही म्हणून घाबरू नका.

आपले व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामचे ग्रुप

इथे भाषा आपली असते. "भाऊ, हे बटन कुठं हाय?" असं विचारता येतं, समोरचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, स्क्रीनवर लाल गोल काढून दाखवतो. ज्या ताईंनी आयुष्यात एक इंग्रजी वाक्य लिहिलं नाही, त्यांना फोरमवर जा म्हणणं म्हणजे हात वर करणंच आहे. त्यांची पहिली पायरी हे ग्रुपच असणार आणि तसंच असावं.

पण काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. ग्रुपवर कुणी 'प्रीमियम फुकट' म्हणून एपीके फाईल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाईल) टाकली तर तिला हात लावू नका. नोंदींच्या ॲपमध्ये आपले पासबुकचे आकडे, पासवर्ड, घरचे हिशेब असतात. कुणीतरी फोडून बदललेलं ॲप टाकणं म्हणजे तो सगळा डबा अनोळखी माणसाच्या हातात देणं आहे. नवं ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या.

दुसरी गोष्ट बायकांसाठी मुद्दाम सांगतो. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकीचा नंबर दिसतो. हजार माणसांच्या ग्रुपमध्ये मदत मागितली की रात्री-बेरात्री 'हाय' येऊ लागतं. टेलिग्रामवर आपला नंबर लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे आणि वापरकर्ता-नाव घेऊन बोलता येतं. अनोळखी लोकांत विचारायचं असेल तर ताईंनी टेलिग्राम घ्यावं आणि ती सोय आधी चालू करावी. ओळखीच्या दहा-वीस जणींचा गटाचा ग्रुप असेल तर व्हॉट्सॲपच बरं.

आणि तिसरी म्हणजे ती पायरीवरची गोष्ट. 'अनइन्स्टॉल करा', 'क्लिअर डेटा करा' हे दोन सल्ले ग्रुपवर सर्रास दिले जातात. ज्या ॲपच्या नोंदी इंटरनेटवरच्या खात्यात असतात तिथे ते बहुधा चालून जातं. ज्या ॲपच्या नोंदी फोनातच असतात तिथे तोच सल्ला नोंदी कायमच्या पुसतो. सल्ला देणारा दुसरंच ॲप वापरत असतो, त्याला हा फरक ठाऊक नसतो. तेव्हा आधी प्रत बाहेर काढा. ती दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि मगच पुढचं पाऊल टाका.

यूट्यूबवर बघून शिकणं सोपं आहे, पण रोजचा डेटा संपतो आणि 'हा एक टप्पा माझ्याकडे दिसत नाही' हे व्हिडिओला विचारता येत नाही. एआयला विचारायची टूम आता गावातही आली आहे. तो मराठीत बोलतो, आपला प्रश्न नीट इंग्रजीत करून देतो, त्यासाठी जरूर वापरा. मात्र ॲपमध्ये नसलेलं बटणही तो ठामपणे सांगतो, म्हणून त्याचं उत्तर फोरमवर ताडून घेतल्याशिवाय सेटिंग बदलू नका.

आता ॲपांकडे वळू

गूगल कीप २०१३ पासून आहे. ताई आणि काकांसाठी मी तेच सांगतो. फोनची भाषा मराठी असली की कीपही मराठीत दिसतं, पावतीचा फोटो टाकता येतो, बोलून नोंद करता येते, रेंज नसतानाही लिहिता येतं आणि रेंज आली की आपोआप खात्यात जातं. गूगलच्या मदत समूहात उत्तरं देणारे 'प्रॉडक्ट एक्सपर्ट' हे बहुतेक स्वयंसेवक असतात, कंपनीचे नोकर नव्हेत. त्यामुळे नोंद हरवली तर ती शोधून देण्याचा अधिकार त्यांच्या हाती नसतो. ते रस्ता दाखवतात. पण कीपचं खरं बळ असं की ते इतकं साधं आहे की अडायला फारसं काही नाही, आणि अडलंच तर गावात सांगणारं कुणीतरी भेटतं. सगळ्या नोंदी एकदम बाहेर काढायच्या तर गूगल टेकआउट आहे. सहा महिन्यांतून एकदा ते करून ठेवा.

वननोट मायक्रोसॉफ्टचं आहे. शाळा-कॉलेजात आणि तालुक्याच्या कार्यालयात ऑफिसचे प्रोग्रॅम चालतात, म्हणून ते वापरणारं माणूस आपल्या आसपास सापडण्याची शक्यता जास्त. शिक्षक असाल, शाळेत कॉम्प्युटर असेल तर वननोट घ्या आणि आधी शेजारच्या सरांना विचारा.

एव्हरनोट कधीकाळी या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव होतं. त्याची मालकी २०२३च्या सुरुवातीला इटलीच्या बेंडिंग स्पून्स कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून फुकट वापरणाऱ्याला ५० नोंदी आणि १ वही एवढीच मर्यादा आहे. दर महिन्याला पैसे भरायचे नसतील तर नव्यानं तिथे सुरुवात करू नका. जुन्या नोंदी असतील तर बाहेर काढा. जॉप्लिन त्या थेट आत घेतं.

नोशन. आमच्या पोरांना हेच हवं असतं, कारण ते दिसतं देखणं आणि त्याचे तयार साचे सगळीकडे मिळतात. मदतीची उणीव नाही: रेडिट, यूट्यूब, हिंदीत शिकवणारे कितीतरी. पण त्या मदतीतली बरीचशी 'पान कसं सजवावं' याबद्दल असते आणि साचे विकणाऱ्यांचीही तिथे गर्दी असते. आपल्याला अडणारी गोष्ट वेगळीच आहे. नोशन मुळात इंटरनेटवर राहणारं ॲप आहे. ऑफलाइन वापरायची सोय त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये दिली, तीही पानं आधी ऑफलाइनसाठी ठेवली तर. गाव सोडून एसटीत बसल्यावर 'ते पान ठेवायचं राहिलं' हे लक्षात आलं तर उपाय नसतो. वाय-फाय असलेल्या शहरी खोलीत राहून तयारी करणाऱ्यानं नोशन जरूर घ्यावं. गावात राहून करणाऱ्याला मी सांगणार नाही.

ऑब्सिडियन आणि जॉप्लिन यांच्यातली निवड मात्र खरोखर विचार करण्याजोगी आहे.

ऑब्सिडियन २०२० मध्ये लोकांपुढे आलं, मोबाइलवर २०२१ मध्ये. प्रत्येक नोंद म्हणजे एक साधी मजकुराची फाईल, आपल्याच फोनच्या फोल्डरमध्ये. उद्या ॲप बंद पडलं तरी ती फाईल कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडते. वापरायला फुकट आहे. फोन आणि कॉम्प्युटर जोडण्याची त्यांची स्वतःची सेवा मात्र महिन्याला ४-५ डॉलरपासून सुरू होते. याचा समूह मोठा आणि उत्साही. लोकांनी बनवलेले प्लगइन, म्हणजे ॲपला जोडायच्या जादा सोयी, हजारोंनी आहेत आणि अडचणीही बहुधा तिथूनच येतात. म्हणून फोरमवर पहिला प्रश्न हमखास येतो की प्लगइन बंद करून पाहिलं का? हे आधीच करून मग विचारलं तर दोन दिवस वाचतात.

जॉप्लिन २०१७ पासून आहे आणि त्याचा कोड खुला आहे. समूह ऑब्सिडियनपेक्षा लहान, पण शांत. ज्या माणसानं ते सुरू केलं तोही फोरमवर लिहितो, अशी जवळीक मोठ्या कंपनीकडे मिळत नाही. नोंदी ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा त्यांच्या स्वतःच्या सेवेवर ठेवता येतात. आपल्या लोकांचं घोडं गूगल ड्राइव्हवर अडतं. प्रत्येक अँड्रॉइडवाल्याचं गूगल खातं असतं, ड्रॉपबॉक्स कुणाचंच नसतं, आणि जॉप्लिन गूगल ड्राइव्हशी थेट जुळत नाही. फोरमवर हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो, तेव्हा नव्यानं विचारू नका. ड्रॉपबॉक्सचं फुकट खातं काढा, अभ्यासाच्या लिखित नोंदींना ते पुरतं. एन्क्रिप्शन (नोंदी पासवर्डनं कुलूपबंद करायची सोय) चालू केलंत तर त्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवा. तो विसरलात तर जगातला कोणताही फोरम नोंदी उघडून देऊ शकणार नाही.

नवख्या माणसाला दोघांतून मी जॉप्लिन देतो, कारण ड्रॉपबॉक्स जोडलं की फोनाबाहेर प्रत राहते की नाही ही चिंता मिटते. ज्याला फाईली, फोल्डर, कॉपी-पेस्ट यांची सवय आहे त्याला ऑब्सिडियन.

'वऱ्हाड' शोधलं आणि अर्धंच सापडलं

मराठीत नोंदी ठेवणाऱ्याला एक अडचण येते जी इंग्रजी फोरमवर सहसा कुणाच्या गावी नसते. ती मी थोडी सविस्तर सांगतो.

माझ्या नोंदींत 'वऱ्हाड' हा शब्द पुष्कळदा येतो. एकदा शोधलं तर मोजक्याच नोंदी आल्या. बाकीच्या डोळ्यांना दिसत होत्या, शोधाला दिसत नव्हत्या. 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांचंही तेच. कारण असं की मराठीतला हा आडवा, पापणीसारखा र दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी खाली टिंब असलेलं ऱ हे वेगळं अक्षर वापरतात: वऱ्हाड. काही साधा र घेतात, त्याचा पाय मोडतात आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात: वर्‍हाड. छापून आलेलं रूप एकच, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीनं दोन वेगळे शब्द. माझ्या काही नोंदी फोनवर टाइप केलेल्या होत्या आणि काही सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवरून चिकटवलेल्या. 'ॲप' शब्दाचंही असंच आहे. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा देणाऱ्या जागतिक पद्धतीत) २००८ साली आलं, त्याआधी अ आणि चंद्र जोडून काम भागवलं जाई, आणि दोन्ही रूपं अजून फिरत आहेत.

हे मला एका ॲपच्या फोरमवर कळलं. मी आधी स्क्रीनशॉट टाकला होता. तिथल्या एका परदेशी स्वयंसेवकानं विनंती केली की चित्र नको, दोन्ही नोंदींतला शब्द जसाच्या तसा चिकटवा. मी चिकटवला आणि त्यानं तासाभरात ते न दिसणारं चिन्ह दाखवून दिलं. मराठीचा त्याला गंधही नव्हता, पण मजकूर हातात आल्यावर त्याला अक्षरांचे आकडे वाचता आले. चॅटवर, फोटो पाठवून, हे कधीच सुटलं नसतं.

इथे ॲपची निवडही आड येते. ऑब्सिडियनमध्ये नोंदी साध्या फाईली असल्यानं मी कॉम्प्युटरवर एका झटक्यात सगळीकडे एकच रूप करून घेतलं. कीपमध्ये एकेक नोंद उघडावी लागेल. मराठीत हजारो नोंदी करणार असाल तर हा मुद्दा हलका घेऊ नका, आणि सुरुवातीपासून एकच कीबोर्ड वापरा.

जुन्या फॉन्टची गोष्ट याहून वेगळी. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल नोंदींत चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. त्यात ॲपचा दोष नसतो. तो मजकूर मुळात मराठी अक्षरांत साठवलेलाच नाही. फोरमवर विचारण्यात वेळ घालवू नका, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. हे काम तालुक्यातले टायपिंगवाले जाणतात.

उत्तराची तारीख बघा

ऑनलाइन मदतीत मी सगळ्यात जास्त वेळ जुन्या उत्तरांमागे घालवला. ऑब्सिडियनच्या फाईली फोनवरून कॉम्प्युटरवर फुकट न्यायच्या तर शेकडो जुनी उत्तरं सिंकथिंग (दोन उपकरणांतल्या फाईली सारख्या ठेवणारं, म्हणजे सिंक करणारं ॲप) सुचवतात. सल्ला चांगला होता. पण सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड ॲप २०२४च्या अखेरीस बंद झालं आणि आता इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती घ्यावी लागते. एव्हरनोट फुकटात भरपूर देतं असं सांगणारी उत्तरं डिसेंबर २०२३ च्या आधीची आहेत. विंडोज १० साठीचं वेगळं वननोट कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून सांभाळणं बंद केलं, तरी त्यावरचे व्हिडिओ अजून पहिल्या पानावर येतात. फोरम मला आवडण्याचं हेही एक कारण. तिथे प्रत्येक उत्तरावर तारीख असते. व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या सल्ल्याला तारीख नसते.

विचारायचं कसं

इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, हे मी अनुभवानं सांगतो. तिथले कितीतरी जण स्वतः जर्मन, ब्राझिलियन, जपानी असतात. चालत नाही ते अर्धवट विचारणं. 'मदत करा, अर्जंट' या शीर्षकाला कुणी थांबत नाही. 'अँड्रॉइडवर सिंक झाल्यावर एकाच नोंदीच्या दोन प्रती तयार होतात' यावर जाणकार थांबतो. फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, ॲपची आवृत्ती कोणती, नोंदी कुठे ठेवता, तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं, झालं काय आणि कधीपासून, एवढं लिहा. डॉक्टरकडे गेल्यावर आपण ताप कधीपासून आहे ते सांगतोच ना. नव्या खात्याला चित्रं आणि दुवे सुरुवातीला मोजकेच टाकता येतात, म्हणून शब्दांत लिहिणं तसंही बरं.

स्क्रीनशॉट टाकण्याआधी एकदा नीट बघा. ताईंच्या नोंदींत गटातल्या बायकांची नावं, खाते क्रमांक, आधारचे आकडे असतात. तो फोटो फोरमवर गेला की जगभर दिसतो. वेगळी रिकामी नोंद करा, त्यात खोटी नावं, खोटे आकडे लिहा आणि तीच दाखवा. ॲपनं तयार केलेला लॉग (ॲपनं काय काय केलं याची यादी) टाकतानाही फाईलींची नावं वाचून घ्या.

आणि अडचण सुटली की परत जाऊन दोन ओळी लिहा की अमुक केलं आणि झालं. अनेक फोरमवर योग्य उत्तरावर खूण करता येते, ती करा. दोन वर्षांनी मेळघाटातलं किंवा गडचिरोलीतलं कुणी तेच शोधत येईल, तेव्हा त्याला अर्धवट सुटलेला धागा न मिळता पूर्ण उत्तर मिळेल. मी आता सोडवलेल्या प्रत्येक गोष्टीची मराठी नोंद अभ्यासिकेच्या रजिस्टरमध्येही उतरवतो, तारखेसकट, कारण आमच्यातले निम्मे लोक फोरमपर्यंत जाणार नाहीत, पण रजिस्टर उघडतील.

त्या पोरानं आता जॉप्लिन घेतलं आहे आणि ड्रॉपबॉक्स जोडलं आहे. जोडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरवर नोंदी उघडून खात्री करून घेतली. मागच्या महिन्यात त्यानं फोरमवर पहिला प्रश्न स्वतः लिहिला, मी फक्त वाचून पाहिला. ताई कीपवर आहेत. त्यांच्यासाठी गटातल्या सहाजणींचा लहान ग्रुप केला आहे. तिथून प्रश्न माझ्याकडे येतो, मला जमला नाही तर मी तो इंग्रजीत करून पुढे विचारतो आणि उत्तर मराठीत परत पाठवतो. काकांचं अजून ठरत नाही. त्यांना कीप दाखवलं, आवडलंही. पण व्हॉट्सॲपवरच्या दोन वर्षांच्या फवारणीच्या नोंदी आधी कोण उतरवणार, असं ते विचारतात. वेचणी संपली की दोन संध्याकाळ बसून त्या सोबत उतरवू, असं आमचं ठरलं आहे.